भात सोडण्याआधी ओटीवर चाला

२०२३ च्या जूनमध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे आकडे आले. देशात दहा कोटींवर मधुमेही, प्रौढांमध्ये प्रमाण ११.४ टक्के. राज्यांच्या यादीत सर्वांत वर होता गोवा, २६.४ टक्क्यांवर. तेरेखोलच्या खाडीपलीकडे दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त माणसांना मधुमेह आहे आणि त्यांच्या ताटात जे असतं तेच खाडीच्या अलीकडे, कोकणात, आपल्याही ताटात असतं. भात, माशाची कढी, नारळ.

मग ‘भात बंद करा’ हा सल्ला घरोघर पोचला. जन्मभर पेज आणि उकड्या तांदळाचा भात जेवलेली माणसं साठीला आल्यावर नाखुशीने चपात्या मोडत बसली आहेत. चपातीतही पिष्टच असतं, त्याचीही शेवटी साखरच होते. भाताचा वाढप कमी करावा, सोबत मासे, डाळ, भाजी वाढवावी हे बरोबर आहे. पण मला जास्त खटकतं ते जेवणानंतरचं बसणं. पूर्वी जेवून माणूस पुन्हा शेतात किंवा बागेत उतरायचा, रहाटावर पाणी काढायचा. आता पंप आहे, दारात रिक्षा आहे आणि रात्रीच्या जेवणानंतर खुर्ची आणि मोबाइल.

हिशेब करून बघा. शंभर ग्रॅम तांदळाच्या भातातून साधारण ७५ ग्रॅम ग्लुकोज तयार होतं. निरोगी माणसाच्या पाच लिटर रक्तात एका वेळी साखर असते फक्त पाचेक ग्रॅम, म्हणजे चमचाभर. त्या चमचाभर जागेतून पुढच्या काही तासांत पंधरा चमचे पार व्हायचे असतात. आतड्यातून साखर येईल तशी ती दुसरीकडे हलवली नाही, तर रक्तातली पातळी चढणारच. काही साखर यकृत ठेवून घेतं. पण तिची सर्वांत मोठी कोठारं म्हणजे स्नायू. शरीराच्या वजनाचा जवळपास ४० टक्के भाग त्यांचाच असतो.

आता मला ज्याचं सगळ्यात अप्रूप वाटतं ते सांगतो. पेशीचं आवरण स्निग्ध असल्यामुळे ग्लुकोज त्यातून आपोआप आत शिरत नाही. त्याला पलीकडे न्यायला ‘ग्लुट-४’ नावाची प्रथिनं लागतात. १९८८ मध्ये त्यांचा शोध लागला. ती खाडीतल्या होड्यांसारखी असतात, पण एरवी बहुतेक सगळ्या पेशीच्या आत बांधलेल्या असतात, धक्क्यावर नसतात. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं आणि पेशीच्या बाहेरच्या ग्राहक-प्रथिनाला चिकटतं. तिथून निरोप आत जातो, एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून ‘एकेटी’कडे. एकेटी ‘एएस-१६०’ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. एएस-१६० चं काम ग्लुट-४ ला आत रोखून धरण्याचं. फॉस्फेट चढलं की ही रोख सुटते, ग्लुट-४ आवरणापाशी येतं आणि साखर आत जायला लागते. टाइप-२ मधुमेहात हाच निरोप वाटेत क्षीण होतो. इन्सुलिन असतं, पण स्नायू त्याचं ऐकत नाही.

पण स्नायू आखडला-सैलावला की पेशीत कॅल्शियम वाढतं, ऊर्जा खर्च होते आणि ‘एएमपीके’सारखी दुसरी प्रथिनं जागी होतात. तीही एएस-१६० आणि त्याच्या जोडीदार प्रथिनापर्यंत पोचतात, आणि इन्सुलिनची वाट न बघता ग्लुट-४ बाहेर आणतात. हा दुसरा मार्ग मधुमेह्याच्या स्नायूतही बऱ्यापैकी शाबूत असतो! पोटरी आणि मांडी हलली की साखर आत जाते, मग इन्सुलिनचा निरोप कितीही अशक्त असो.

म्हणून चालण्याची वेळ महत्त्वाची. न्यूझीलंडमध्ये टाइप-२ च्या ४१ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून कधीही अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी भरली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. एकूण चालणं दोन्हीकडे सारखंच होतं.

आपली शतपावली याच वेळेला असते. फक्त शंभर पावलं पुरत नाहीत, ती मिनिट-दीड मिनिटात संपतात. दहा-पंधरा मिनिटं चाला, बोलता येईल इतक्या बेताने. रोज दहा हजार पावलांचा धाक बाळगायचं कारण नाही. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या एका यंत्राच्या विक्रीसाठी पुढे आला, प्रयोगशाळेतून नाही. आणि ‘साखर मुळापासून घालवणारी’ चूर्णं व काढे मोबाइलवर फिरतात, त्यांच्या भरवशावर कुणी डॉक्टरांच्या गोळ्या थांबवल्या तर ते जिवावर बेतू शकतं. चालणं गोळ्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

पावसाळ्यात आषाढ-श्रावणाच्या झडीत बाहेर पडवत नाही. तेव्हा ओटीवर, पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घाला, स्नायूला सगळं सारखंच. रात्री अंगणात किंवा पाणंदीने जाणार असाल तर बॅटरी घ्या, कोकणात फुरसं, हा विषारी साप, पायाखाली येतं. मधुमेह जुना असेल तर पायाची जाणीव बोथट झालेली असू शकते, काटा किंवा शिंपला रुतलेला कळत नाही, म्हणून किनाऱ्यावरही चपला काढू नका. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर थांबून ती खायची.

घरात साखर मोजायचं यंत्र असेल तर स्वतः पडताळून बघा. दोन वेगळ्या संध्याकाळी भात तेवढाच, कालवण तेच. एकदा जेवून बसा, एकदा पंधरा मिनिटं चाला, आणि जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून बरोबर तासाभराने दोन्ही वेळा मोजा.