बाटली उलटी, तरी थेंब सांडत नाही

झाकणावर उभी राहणारी सॉसची बाटली गळत का नाही, असं विचारलं की ‘सॉस घट्ट असतो म्हणून’ हे उत्तर हमखास येतं. पण सायकलस्वारांच्या काही बाटल्यांच्या तोंडाशीही तशीच झडप असते आणि त्यांत साधं पाणी असतं. खरी करामत आहे ती झाकणाच्या भोकात बसवलेल्या सिलिकोनच्या छोट्याशा पडद्याची.

हा पडदा सपाट नसतो. तो बाटलीच्या आतल्या बाजूला फुगलेला घुमट असतो आणि त्याच्या मधोमध फुलीसारखा छेद दिलेला असतो. त्यामुळे चार पाकळ्या होतात. बाटली उलटी केली की द्रवाचा भार घुमटाच्या फुगीर बाजूवर पडतो आणि कमानीतल्या दगडांसारख्या या पाकळ्या एकमेकींना रेटून धरतात. १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १००० पास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. एवढा दाब घुमट आरामात पेलतो.

बाटली दाबली की मात्र घुमट बाहेरच्या बाजूला उलटतो. मला सगळ्यात आवडतो तो हा क्षण. उलटण्याच्या वाटेवर घुमटाला सपाट अवस्थेतून जावं लागतं, आणि कड पक्की धरलेली असल्याने तिथे त्याचा पृष्ठभाग मावत नाही, आकसावा लागतो. त्यासाठी ऊर्जा लागते. हा चढ ओलांडला की विरोध एकदम घटतो, घुमट टपकन उलटतो आणि पाकळ्या बाहेर फाकतात. म्हणून झडप उघडायला जास्त दाब लागतो, उघडी ठेवायला कमी. जाडी दुप्पट केली तर पडदा वाकवणं आठपट अवघड होतं, कारण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा मिलिमीटरच्या अंशानेही फरक पडतो.

हात सैल सोडला की बाटलीची भिंत पूर्ववत फुगते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग बाहेरची हवा घुमटाला आत ढकलते, टोकाशी लोंबणारा थेंबही आत जातो आणि फटीतून हवा शिरते. म्हणूनच अशा साध्या बाटलीवर ‘हवेचा स्पर्शही नाही’ असा दावा केलेला असेल, तर तो खोटा समजावा. तसं साधायचं तर आत आकसणारी वेगळी पिशवी लागते.

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये साचेकामाचा छोटा कारखाना चालवणाऱ्या पॉल ब्राउन यांनी ही झडप शांपूच्या बाटल्यांसाठी घडवली. हाइन्झ या केचप कंपनीची उलटी बाटली आली ती २००२ मध्ये.

अडचण येते ती पुनर्वापराच्या वेळी. बाटल्यांचा चुरा पाण्यात टाकतात तेव्हा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची झाकणं तरंगतात आणि ज्याची बाटली बनते ते ‘पेट’ (PET) प्लास्टिक बुडतं. सिलिकोनही पाण्यापेक्षा जड असल्याने पेटबरोबर तळाशी जातं आणि तो माल खराब करतं. म्हणून आता पाण्यावर तरंगणाऱ्या रबरी प्लास्टिकच्याही झडपा बनू लागल्या आहेत. मात्र फार काळ दाबाखाली राहिलं तर हे प्लास्टिक सिलिकोनइतकं नीट मूळ आकारात परतत नाही. त्यामुळे घुमटाची गोलाई आणि जाडी पुन्हा नव्याने ठरवावी लागते.