स्लोला धडधडणारी गाडी खरंच ताकदवान असते का?

परवा गॅरेजात बसलो होतो. कॉलेजचा एक मुलगा आला आणि त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. सिग्नलला उभी असलेली जुनी अमेरिकन मसल कार, आणि स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, इंजिन असं धडधडतंय की अख्खी गाडी हलतेय. "काका, असा कॅम माझ्या गाडीत बसेल का? पॉवर वाढेल ना?" मिस्त्रींनी कपाटातून दोन कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवट्यांचे दांडे, काढून त्याच्या हातात दिले. एक गाडीचा मूळचा, दुसरा ट्रॅकवर पळलेला. मूळच्या कॅमचा उंचवटा अंड्याच्या टोकासारखा निमुळता, तर रेसिंगवाल्याचा खांद्याला फुगलेला. बोट फिरवलं की फरक लगेच कळतो.

हा फुगवटा ठरवतो की व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरचं दार, किती वेळ उघडा राहील. शाळेत आपण शिकतो की पिस्टन खाली जाताना हवा आत येते आणि वर येताना दाबली जाते. त्यामुळे वाटतं, पिस्टन तळाला पोचला की हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह बंद होत असेल. तसं होत नाही. तो मुद्दाम उशिरा बंद करतात, आणि मला या यंत्रातलं सर्वांत सुंदर काही वाटत असेल तर तो हा उशीर.

दादरला लोकलमध्ये शिरणारी गर्दी आठवा. पुढचा माणूस आत पोचून थांबला, तरी मागच्यांचा रेटा चालूच असतो आणि त्या रेट्यात आणखी दहाजण आत येतात. हवेलाही वजन आहे. एकदा पाइपातून जोरात वाहू लागली की पिस्टन वर फिरला तरी ती काही क्षण आत घुसत राहते. तेवढा वेळ दार उघडं ठेवलं, तर सिलिंडर पिस्टनने ओढलं असतं त्याहून जास्त भरतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद.

प्रश्न आहे तो किती वेळ, याचा. 3,000 आरपीएमला (मिनिटाला 3,000 फेरे) पिस्टन वरून खाली यायला 10 मिलिसेकंद लागतात, 10,000 आरपीएमला फक्त 3. वेग जास्त तेव्हा हवेचा रेटाही दांडगा, म्हणून दार बरंच उशिरा लावावं. वेग कमी तेव्हा रेटाच नसतो. मग उघड्या दारातून पिस्टन भरलेली हवा उलटी बाहेर ढकलतो. साध्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, फेऱ्याचे साधारण 240 अंश उघडा असतो, रेसिंग कॅममध्ये 290-300. शिवाय फुगीर कॅममध्ये इनटेक आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ वाढतो. याला ओव्हरलॅप म्हणतात. वरच्या आरपीएमला बाहेर धावणारा धूर मागे निर्वात सोडतो आणि ताजी हवा ओढून घेतो. स्लोला मात्र तोच धूर इनटेकमध्ये परत शिरतो, मिश्रण नासतं, एखादा ठोका पेटतो, एखादा नाही. व्हिडिओतली धडधड ती हीच. त्या क्षणी इंजिन नीट जळतही नसतं.

म्हणजे साधा कॅम ही घडवतानाच एका वेगावर लावलेली पैज आहे, आणि ती नंतर बदलता येत नाही. ही अडचण सोडवायला 1980 मध्ये अल्फा रोमिओने स्पायडर गाडीत कॅमची वेळ पुढेमागे सरकवणारी यंत्रणा दिली. आज मारुतीच्या के-सिरीजच्या बऱ्याच इंजिनांत अशीच यंत्रणा, म्हणजे व्हीव्हीटी, असते. कॅमच्या टोकाला असलेला फेझर ऑइलच्या दाबाने कॅमला काही अंश फिरवतो. इथे एक घोळ नेहमी होतो: फेझर फक्त वेळ सरकवतो, दार किती अंश उघडं राहतं ते बदलत नाही. दार उघडं राहण्याचा काळ बदलायला सहसा कॅमचा आकारच बदलावा लागतो. होंडाने 1989 मध्ये इंटेग्रात व्हीटेक आणलं तेव्हा एकाच शाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे होते, खालच्या आरपीएमला सौम्य, वरच्याला तिखट. 1.6 लिटरच्या त्या इंजिनाने 160 पीएस दिले.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर यामाहा आर15 व्ही3 चालवून बघा. 155 सीसीचं छोटं इंजिन, पण 7,400 आरपीएमला एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) बारीकशी पिन ढकलतो, व्हॉल्व्ह दाबणारे दोन रॉकर आर्म जोडले जातात आणि इनटेक व्हॉल्व्ह तिखट कॅमवर नाचू लागतो. मीटरवर या यंत्रणेचं नाव, व्हीव्हीए, उजळतं. कात्रजच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ते उजळलं की मला दर वेळी तेवढाच आनंद होतो.

मग रेसिंगवाले फुगीर कॅम का वापरतात? कारण ट्रॅकवर इंजिन खाली येतच नाही. गिअर अशा बेताने लावलेले असतात की काटा वरच्या पट्ट्यातच राहावा. तिथे एकाच वेगावरची पैज चालते, आणि सुटे भाग जितके कमी तितकं बरं. फॉर्म्युला वनने तर 2006 पासूनच्या व्ही8 इंजिनांत व्हेरिएबल टायमिंगला बंदीच घातली. लक्ष्मी रोडवर क्लच दाबत सरकणाऱ्या गाडीचं गणित वेगळं. तिथे फुगीर कॅम बसवला तर पिकअप जाईल, अ‍ॅव्हरेज पडेल, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून जाईल आणि पीयूसीला गाडी अडेल. ब्रेकला मदत करणारा इनटेकमधला निर्वात कमी पडल्याने ब्रेकचा पेडलही जड होतो.

  

आणि ट्रॅकच्याच गाडीत कॅम बदलायचा असेल, तर आधी हे करा. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची गोळी ठेवा, हेड (सिलिंडरवरचं व्हॉल्व्हचं झाकण) बसवा, टायमिंग जुळवा, क्रँक हाताने सावकाश दोन फेरे फिरवा. मग हेड काढून व्हॉल्व्हचा ठसा सुरीने कापा आणि खाली क्ले किती जाड उरली ते मोजा. जाडी पुरेशी नसेल तर पहिल्याच रेसला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकेल.