शून्य कोणत्या लोखंडावरचं?

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत रे रोडजवळच्या दारूखाना भागात, एका शेडमध्ये कठड्याचे रंगवलेले पाइप तपासत होतो. रंगाची जाडी हवी होती १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ती मोजणारं गेज दाखवत होतं १४०. पेंटर खूश. सहज शेजारचा कोरा पाइप घेतला आणि त्यावर गेजचा प्रोब, म्हणजे मोजणारं टोक, टेकवला. आकडा आला २२! रंगाचा टिपूस नाही आणि २२. मग मघाच्या १४०मध्ये रंग किती होता?

गंमत अशी की गेजला रंग दिसतच नाही. प्रोबमधल्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र लोखंड जवळ आलं की बळावतं, दूर गेलं की मंदावतं. त्यावरून गेज लोखंड किती लांब आहे एवढंच ओळखतं आणि त्या अंतराला आपण रंग म्हणतो. सपाट प्लेटवर झेरॉक्सचा साधा कागद ठेवून बघा, शंभरेक मायक्रॉन ‘रंग’ दिसेल. पाइपवर प्रोबच्या दोन्ही बाजूंचं लोखंड खाली वळून लांब जातं, म्हणून आकडा फुगतो. पातळ पत्र्यावरही तेच. तिथे लोखंडच कमी पडतं. ब्लास्टिंग केलेल्या, म्हणजे खरखरीत कणांचा मारा करून साफ केलेल्या, पृष्ठभागावर तर खाचखळगेच असतात, तिथेही आकडा फुगतो. (अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांना हे तंत्र लागू नाही, तिथे एडी करंटचा, म्हणजे धातूत फिरणारे विजेचे प्रवाह वापरणारा, प्रोब लागतो.)

आमचं गेज सपाट प्लेटवर शून्य केलेलं होतं, म्हणजे कोऱ्या सपाट प्लेटवर आकडा ० येईल असं लावलेलं. गेज अचूक असल्याचं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आणि स्टिकर मात्र ताजं! वर्षाकाठी ते करून घ्यावंच, पण काल परांचीवरून गेज पडलं हे त्या स्टिकरला कुठून कळणार? पडलं, प्रोबचं टोक झिजलं, पाइपावरून पत्र्यावर आलात, की पुन्हा तपासा. रोज काम सुरू करतानाही ज्यावर मोजायचं तसल्याच कोऱ्या लोखंडावर शून्य, मग ठरावीक जाडीची फॉइल (पातळ पट्टी) ठेवून खात्री. चुरगळलेली फॉइल फेकून द्या, ती गेजलाही खोटं शिकवते.

दिवसाअखेरची तपासणी बहुतेक जण टाळतात. तिथे फरक निघाला तर शेवटची तपासणी बरोबर आली होती, तिथपासूनची सगळी रीडिंग संशयात. म्हणून मी किती वेळाने तपासायचं हे असं ठरवतो: किती रीडिंग पुन्हा घ्यायची आपली तयारी आहे?

कोऱ्या पाइपवर शून्य केलं, १२५ची फॉइल ठेवून पाहिली, आणि पुन्हा मोजलं. ११६. पेंटरने काही न बोलता डबा उघडला.