डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस

डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस : आहारातील ग्लूटेनमुळे (गहू, जव यांसारख्या धान्यांतील प्रथिनामुळे) होणारा, बारीक फोडांचा व असह्य खाजेचा त्वचारोग. सिलिअ‍ॅक या, ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होणाऱ्या रोगाचे हे त्वचेवरचे रूप होय. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ लुई डुरिंग यांनी १८८४ मध्ये त्याचे वर्णन केले. नाव मात्र फसवे आहे : फोड नागिणीसारखे पुंजक्यांनी येतात इतकेच, तिच्या विषाणूशी याचा संबंध नाही आणि हा रोग संसर्गाने पसरत नाही.

कोपरे, गुडघे, नितंब, पाठ व डोके या ठिकाणी, शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखेच फोड उठतात. रुग्ण खाजवून ते फोडून टाकतो. डॉक्टरांपर्यंत पोहोचतात ते नुसते ओरखडे आणि खपल्या; मग खरूज किंवा इसब म्हणून उपचार सुरू होतात.

रोग दिसतो त्वचेवर, सुरू होतो लहान आतड्यात. ग्लूटेनमधील ग्लायाडिन या घटकात प्रोलीन व ग्लुटामीन ही अमिनो आम्ले भरपूर असल्याने पाचकरस त्याचे पुरते तुकडे करू शकत नाहीत. अर्धवट पचलेले तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरले की टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज (टीजी२) हे एन्झाइम त्यांतील काही ग्लुटामीनचे ग्लुटामिक आम्ल करते. त्यामुळे आलेल्या ऋण भारामुळे हे तुकडे प्रतिकारसंस्थेच्या पेशींवरील एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ या रेणूंच्या खोबणीत घट्ट बसतात आणि टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) चेततात. जवळजवळ प्रत्येक रुग्णात यांपैकी एक रेणू असतो. पण तो असणाऱ्या बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही. टी पेशींच्या मदतीने बी पेशी ग्लायाडिनविरुद्ध, आणि शरीराच्या स्वतःच्या टीजी२ विरुद्धही, प्रतिपिंडे तयार करतात.

त्वचेत टीजी२ चा एक भाऊबंद असतो, टीजी३. या रोगातील खरे लक्ष्य तोच, हे २००२ मध्ये दाखवण्यात आले. आतड्यातील दाह दीर्घकाळ चालू राहिल्यावर प्रतिपिंडांचा रोख त्याच्याकडेही वळतो, असे मानले जाते. टीजी३ व आयजीए प्रतिपिंडे अंतस्त्वचेच्या टोकांशी कणाकणांनी साठतात, तेथे न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जमतात आणि बाह्यत्वचेचा सांधा सुटून फोड येतो. हे आयजीए साठे हीच निदानाची खूण. ते शोधण्यासाठी तुकडा फोडाचा नव्हे, तर त्याशेजारच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा घेतात. बहुतेक रुग्णांच्या आतड्यात बदल आढळतात. पोटाची तक्रार मात्र अनेकांची नसते. त्यामुळे पोळीवर संशय जाणार तरी कसा?

कुष्ठरोगावरील औषध म्हणून आपल्याकडे परिचित असलेले डॅप्सोन काही दिवसांतच खाज थांबवते. ते न्यूट्रोफिलांना आवरते. आतड्याला त्याचा काही उपयोग नाही. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून आधी तांबड्या पेशींतील जी६पीडी या एन्झाइमची तपासणी करतात. मूळ उपचार ग्लूटेन कायमचे वर्ज्य करणे हाच. त्याने पुरळ जायला महिने, कधी दोन वर्षेही लागतात, कारण त्वचेतील साठे चिवट असतात.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी चालतात. खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून सुचवला जातो, पण तोही गहूच. थालीपीठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो, डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, आणि गिरणीत गव्हाच्या दळणावर ज्वारी दळली तर भाकरीतही ग्लूटेन येते.