मार्शलच्या पोटातला फेंडर

गिटारचे जुने अँप (आवाज मोठा करणारी यंत्रं) उघडून त्यांत फेरफार करणाऱ्यांना एक प्रश्न नेहमी पडतो: ब्रिटिश मार्शल कंपनीचा पहिला अँप अमेरिकी फेंडर कंपनीच्या सर्किटवरून उतरवलेला, तर मग आवाज इतका वेगळा कसा?

1960 मध्ये जिम मार्शल या ड्रमरने लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान टाकलं. ड्रमवाल्यांच्या मागोमाग पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर असे गिटारवालेही येऊ लागले. त्यांना दणदणीत आवाज हवा होता आणि अमेरिकेतून येणारे फेंडर फार महाग पडत. मग दुकानातला दुरुस्तीचा माणूस केन ब्रॅन आणि तरुण तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांनी फेंडरचा ‘बेसमन 5एफ6-ए’ हा अँप समोर ठेवून ‘जेटीएम45’ हा मार्शलचा पहिला अँप तयार केला.

सर्किट जवळपास जसंच्या तसं घेतलं, पण सुटे भाग इंग्लंडात मिळतील ते. खरी गंमत इथेच आहे. बेसमनमध्ये पहिला व्हॉल्व्ह (सिग्नल मोठा करणारी काचेची नळी) 12एवाय7, मार्शलमध्ये ईसीसी83. एकाचा वर्धनांक (सिग्नल किती पट वाढू शकतो तो आकडा) सुमारे 45, दुसऱ्याचा 100. त्यामुळे तार तेवढ्याच जोराने छेडली तरी सिग्नल पुढे बराच मोठा होऊन जातो आणि आवाज लवकर फाटायला लागतो. निगेटिव्ह फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा सिग्नल उलटा करून मागे देण्याचा) रेझिस्टर दोन्हींत 27 किलोओहमचाच, पण फेंडरने तो ट्रान्सफॉर्मरच्या 2 ओहमच्या टॅपला जोडला होता, सुरुवातीच्या मार्शलमध्ये तो 16 ओहमच्या टॅपला गेला. तिथे व्होल्टेज जवळपास 2.8 पट असतं, म्हणजे मागे जाणारा सिग्नलही मोठा. आउटपुटला पुढे केटी66 हे व्हॉल्व्ह आले.

शिवाय बेसमनची पेटी मागून उघडी, आत 10 इंची चार स्पीकर. मार्शलचं कॅबिनेट बंद आणि त्यात सेलेशनचे 12 इंची चार. जुन्या कपॅसिटरसाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात. मला विचाराल, तर आधी स्पीकर आणि कॅबिनेट बदलून ऐका, सगळ्यांत मोठा फरक तिथे पडतो.

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात केटी66 जाऊन ईएल34 आले. टोन स्टॅकमधला (जाड, मधले आणि उंच स्वर कमी-जास्त करणाऱ्या सर्किटमधला) 56 किलोओहमचा रेझिस्टर 33 वर उतरला, ट्रेबलचा कपॅसिटर 250 पिकोफॅरडवरून 500 वर गेला. मधले स्वर पुढे आले, धार वाढली. आज नवीन किट जोडताना जुना आणि नंतरचा असे दोन्ही आवाज ऐकायचे असतील, तर सोल्डरिंग आयर्न सगळ्यांत आधी याच दोन भागांवर टेकवावं.