बाळाच्या तपासणीत आई-बाबांचं काय?

बाळाच्या पहिल्या वर्षात दवाखान्याच्या चकरा होतात त्या त्याच्यासाठी. वजन, लस, सर्दी-खोकला. समोर बसलेल्या आईला किंवा बाबाला "तुम्ही कशा आहात, झोप होते का?" असं क्वचितच कुणी विचारतं. नवे पालक मानसिक उपचारांपर्यंत पोहोचतात की नाही, हे त्रास किती आहे यापेक्षा असं कुणी विचारतं का यावर जास्त ठरतं, असं मला वाटतं.

त्रास कमी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, प्रामुख्याने नैराश्य. विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ जातं. बाबाही सुटत नाहीत. २०१० मध्ये ४३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा साधारण दहातल्या एका बाबात नैराश्य आढळलं.

तरी मदत मागितली जात नाही, कारण आधी ते ओळखूच येत नाही. अपुरी झोप, थकवा, भूक मरणं, चिडचिड हे सगळं तान्हं बाळ असलेल्या घरात रोजचंच. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं तर बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ते ओसरलं नाही, तर तपासून घ्यायला हवं. पण "होईल हळूहळू" म्हणता म्हणता महिने जातात. बाबांचं नैराश्य अनेकदा रागातून किंवा कामात बुडण्यातून दिसतं, त्यामुळे त्याला आजार कुणी म्हणतच नाही.

ओळखलं तरी भीती उरते. आपल्याला नालायक ठरवतील, बाळ काढून घेतील. वय विशीच्या आत असेल तर ही धास्ती आणखी, कारण टोमणे आधीपासूनच ऐकलेले असतात. शिवाय पैसा, आणि तासभर बाळाला सांभाळणार कोण, हा अगदी साधा प्रश्न.

विचारण्याची साधनं आहेत. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाहूल घेणारी, १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली दहाच प्रश्नांची, गेल्या सात दिवसांबद्दलची. त्यातून निदान होत नाही, फक्त पुढे बघायला हवं का ते कळतं. आणि पुढे उपचारच नसतील, तर प्रश्नावलीतल्या नुसत्या गुणांचा उपयोग काय?

पाकिस्तानच्या ग्रामीण भागातला एक प्रयोग मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गावातल्याच आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गर्भवतींच्या घरी पाठवलं. भेटी बाळाच्या भल्यासाठी आहेत, असंच सांगितलं जाई. त्यामुळे घरच्यांचा विरोध कमी आणि बोभाटाही नाही. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटातल्या २३ टक्के आयांमध्ये नैराश्य उरलं होतं. ज्यांच्याकडे सेविका नेहमीसारख्याच, या प्रशिक्षणाविना जात होत्या, त्या आयांमध्ये ते ५३ टक्के होतं.