विष सापडलं, पण हात कुणाचा?

२००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. ज्याच्याशी तिचं लग्न ठरून मोडलं होतं, त्या तरुणाला प्रसादातून सोमल, म्हणजे आर्सेनिक, दिल्याचा आरोप होता. पुराव्यांमध्ये तिच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची चाचणी होती आणि न्यायालयानं ती ग्राह्य धरली. त्यामुळे निकालाची चर्चा पार अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांपर्यंत गेली. जोशी-अभ्यंकर हत्याकांड पुण्यात आजही घराघरांत सांगितलं जातं. १९७६-७७ मधले ते दहा खून, नंतर १९८३ मध्ये येरवड्यात झालेली फाशी, सगळं लोकांना पाठ असतं. २००८ चा हा खटला मात्र विस्मरणात गेलाय आणि मला ते फार खटकतं. त्या खटल्यानं विचारलेले प्रश्न अजून सुटलेले नाहीत.

आधी सोमलाबद्दल. पांढऱ्या सोमलाला वास नाही, चव जवळपास नाही आणि विषबाधेची लक्षणं पटकीसारखी दिसतात. म्हणून शतकानुशतकं ते मारेकऱ्यांच्या आवडीचं विष होतं. इंग्लंडमध्ये जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञानं १८३० च्या दशकात एका विषप्रयोगाच्या खटल्यात साक्ष दिली, पण ज्युरीपुढे येईपर्यंत त्याचा नमुना खराब झाला आणि आरोपी सुटला. मार्शनं ते मनाला लावून घेतलं आणि १८३६ मध्ये नवी पद्धत प्रसिद्ध केली. संशयित नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचं, निघणारा वायू पेटवायचा आणि ज्योतीवर थंड चिनीमातीचा तुकडा धरायचा. नमुन्यात आर्सेनिक असेल तर तुकड्यावर काळसर चकचकीत थर बसतो. मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागाएवढं आर्सेनिकही त्यातून पकडता यायचं. आजची उपकरणं त्याहून कितीतरी सूक्ष्म मात्रा मोजतात. शिवाय हे मोजमाप दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या माणसाला पुन्हा करून पाहता येतं.

पण शरीरात विष होतं, एवढंच रसायनशास्त्र सांगू शकतं. ते दिलं कुणी, या प्रश्नापुढे ते थांबतं. पुण्याच्या खटल्यात नेमक्या या मोकळ्या जागी मेंदूची चाचणी येऊन बसली.

या चाचणीचं नाव बीईओएस (ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर). मेंदूशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी ती विकसित केली. डोक्यावर इलेक्ट्रोड बसवतात, आरोपीनं काही बोलायचं नसतं. ‘मी सोमल विकत घेतलं’ अशा धर्तीची, प्रथमपुरुषी वाक्यं एकामागून एक ऐकवली जातात आणि यंत्र लहरी नोंदवतं. ज्यानं कृत्य प्रत्यक्ष केलं त्याच्या मेंदूत ‘अनुभवाची’ खूण उमटते आणि ज्यानं ते फक्त ऐकलंय त्याच्या मेंदूत उमटत नाही, असा दावा आहे.

मेंदूच्या लहरी खऱ्याच असतात. ओळखीची, अर्थपूर्ण गोष्ट अचानक समोर आली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी एक ठळक लहर दिसते, हे १९६५ पासून माहीत आहे. पण गोष्ट ओळखीची कशामुळे झाली, हे त्या लहरीवर लिहिलेलं नसतं. दिवसेंदिवस चौकशी झालेल्या माणसाला सोमल, प्रसाद, भेटीची जागा हे सगळं तोंडपाठ झालेलं असतं. निर्दोष असला तरी ‘मी सोमल विकत घेतलं’ हे वाक्य ऐकून त्याच्या छातीत धस्स होणारच. आणि ऐकलेलं व अनुभवलेलं यांच्यातली सीमा खुद्द आपल्यालाच नीट कळत नाही. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं, काहींना त्याच प्रश्नात ‘जोरात धडकून चुरा झाल्या’ असं म्हटलं. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? पहिल्या गटातल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, दुसऱ्यातले ५० पैकी १६. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. प्रश्नातल्या एका क्रियापदानं एवढं केलं, तर पोलीस कोठडीतल्या चौकशीनं काय काय होऊ शकेल?

आता एक साधं गणित करून पाहा. समजा, एखादी चाचणी १०० पैकी ९० वेळा बरोबर ठरते. शंभर संशयितांवर ती केली आणि त्यात गुन्हेगार एकच आहे. उरलेल्या ९९ निर्दोषांपैकी सुमारे दहा जणांवर ती चुकून बोट ठेवेल. म्हणजे ‘दोषी’ ठरलेल्या अकरा जणांत खरा गुन्हेगार फार तर एक. बीईओएस किती वेळा चुकते, याचं स्वतंत्र शास्त्रज्ञांनी तपासून मान्य केलेलं उत्तर तेव्हा उपलब्धच नव्हतं. तरीही तो निष्कर्ष जन्मठेपेच्या निकालपत्रात आला, ही मला गंभीर बाब वाटते.

२००८ मध्येच बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनं या चाचण्या अशास्त्रीय असल्याचं सांगून पुरावा म्हणून त्या वापरू नयेत अशी शिफारस केली. उच्च न्यायालयानं तरुणीला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को (औषधाच्या गुंगीत केलेली चौकशी), पॉलिग्राफ (खोटं पकडण्याचं यंत्र) आणि ब्रेन मॅपिंग (बीईओएससारख्या मेंदूलहरींच्या चाचण्या) या चाचण्या संमतीशिवाय करणं घटनाबाह्य ठरवलं. संमतीनं केल्या तरी त्यांचा निष्कर्ष हा स्वतःच पुरावा होत नाही. मात्र त्यातून पुढे प्रत्यक्ष काही वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर ती विचारात घेता येते.

डीएनए चाचणीचा प्रवास नेमका उलटा झाला. अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये ती शोधली आणि खुनाच्या तपासात ती पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा तिनं एका निर्दोषाला सोडवलं. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये दोन मुलींच्या खुनांच्या तपासात एका सतरा वर्षांच्या मुलानं त्यातल्या एकीच्या खुनाची कबुलीही दिली होती. दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा मुलगा नव्हे, हे डीएनएनं दाखवलं. खरा गुन्हेगार १९८८ मध्ये दोषी ठरला. कबुलीसुद्धा खोडून काढू शकेल इतकी पक्की ती चाचणी होती, कारण ती कुणालाही पुन्हा करून पाहता येत होती.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं बंधनकारक होत आहे; त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या न्यायालयात येणाऱ्या प्रयोगशाळांच्या अहवालांची संख्या आता वाढत जाणार. त्या प्रत्येक अहवालात पद्धतीचं नाव आणि तिच्या चुकीचं प्रमाण लिहिलेलं असावं, आणि आरोपीच्या वकिलाला तोच नमुना दुसरीकडे तपासून घेण्याची सोय असावी, एवढी मागणी आपण आताच करायला हवी.